गच्चीवरची माझी वायर, ७०३ आणि झेंडावंदन

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार. माझ्या हॅम रेडिओच्या वायरीबद्दल आणि ७०३ बद्दल हे माझं चौथं पत्र आहे. पहिलं २०२३ च्या नोव्हेंबरात दिलं, पोच माझ्याकडे आहे. कमिटीने तक्रार पुढच्या मिटिंगला घेऊन नंतर १५ दिवसांत लेखी कळवायचं असतं असं आपल्या उपविधीतच आहे. मला आजवर मिळालेलं उत्तर म्हणजे लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले "बघतो". गच्ची कोणी एकट्याने वापरू नये हा नियम ७०३ वाले सारखे तोंडावर फेकतात.

मी हॅम आहे म्हणजे काय (हौस म्हणून वायरलेसवर जगभरच्या लोकांशी बोलणारा) हे परत सांगतो, कारण जनरल बॉडीत "स्मगलर लोकांचा वायरलेस" असं बोललं गेलं. केंद्र सरकारचं लायसन्स आहे, मोर्स कोडसकट (कट्ट-कडकट्ट आवाजांची सांकेतिक भाषा) परीक्षा देऊन घेतलेलं. राजीव गांधी पण हॅम होते, व्हीयू टू आरजी त्यांचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप हॅम लोकांनीच बाहेर पोचवले. हे सांगितलं तर ७०३ वाले म्हणाले मुलुंडला कुठे त्सुनामी येते. आता यावर माणसाने काय बोलावं.

तर दर जानेवारीच्या शेवटी १६० मीटर बँडची (रेडिओ लहरींचा एक ठरावीक पट्टा) मोर्समधली जागतिक स्पर्धा असते, आपल्याकडच्या शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू, सोमवारी पहाटे साडेतीनला संपते. हा बँड दिवसा मेलेला असतो, उन्हात वातावरणातला एक थर या लहरी गिळून टाकतो, अंधार पडला की थर विरतो आणि मग युरोप ऐकू येतं. म्हणून रात्रीचं जागरण, हौस म्हणून नाही. बाहेरच्या खंडातलं एक स्टेशन, म्हणजे दुसरा हॅम, संपर्कात मिळालं की १० पॉइंट, भारतातलं मिळालं तर २. लोकांकडे यासाठी शेतं आणि मोठमोठे मनोरे असतात, माझ्याकडे जुना १०० वॅटचा सेट, १० मीटरचा बांबू आणि तिथून बी विंगच्या टाकीपर्यंत ३० मीटर साधी वायर, हाच माझा अँटेना. शंभर वॅट म्हणजे जुना पिवळा बल्ब, साहेब. ७०३ वाल्यांना त्याचं "रेडिएशन" होतं आणि शेजारीच सोसायटीने भाड्याने दिलेला मोबाईल टॉवर आहे त्याचं होत नाही, कारण त्याचं भाडं येतं.

उलट त्रास मला त्यांचा आहे. त्यांच्या फॉल्स सीलिंगच्या एलईडी पट्टीचा स्वस्तातला अडॅप्टर माझ्या बँडवर अख्खी रात्र कढई घासल्यासारखा आवाज करतो. मी खिशातला रेडिओ एएमला लावून मजल्यामजल्यावर फिरलो (वॉचमनला वाटलं माझं डोकं फिरलं), ७०३ च्या चपलांच्या स्टँडपाशी सगळ्यात जास्त खरखर. लॅमिंग्टन रोडवरून स्वखर्चाने फेराइट कोअर (खरखर अडवणारी छोटी कडी) आणले, वायरीला दोन वेढे मारायचे की काम झालं. तर म्हणे "आमच्या चार्जरला ताईत नको".

यंदा शनिवारी पहाटे मस्त सुरुवात झाली. सव्वासातला सूर्य उगवेपर्यंत १९ स्टेशनं, इटली, फिनलंड, युक्रेन. रात्री साडेनऊला परत बसलो आणि अचानक खरखर बंद. एकदम शांत. मला वाटलं ७०३ ने लाइट बंद केली, देवा शप्पथ मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. पाच मिनिटांनी लक्षात आलं की खरखरच काय, काहीच ऐकू येत नाहीये, एसडब्ल्यूआरचा काटा (अँटेना नीट जोडलाय का ते दाखवणारा) पार टोकाला. वर गेलो तर गच्चीला कुलूप. चावी ७०३ कडे, कारण "ते सगळ्यात वर राहतात". बेल चार वेळा वाजवली, आतून सिरियलचा आवाज येत होता, दार उघडलं नाही. रविवारी ते दिवसभर मुलीकडे डोंबिवलीला. स्पर्धा तिथेच संपली, १९ वर.

सोमवारी झेंडावंदनाला वर गेलो तेव्हा कळलं. तिरंगी लाइटिंग आणि पताका बांधायला दोरी कमी पडली म्हणून माझी वायर पक्कडीने तोडून वापरलेली. राष्ट्रगीत चालू होतं, मी सावधान उभा आणि समोर माझा अँटेना पताका धरून. तेव्हा मी काही बोललो नाही हे कमिटीने लक्षात घ्यावं.

बी विंगमधल्या तिघांनी मला स्वतः येऊन सांगितलं की तुमचं बरोबर आहे, नावं लिहू नका म्हणालेत म्हणून लिहीत नाही. माझा मेंटेनन्स कधी पाच तारखेच्या पुढे गेलेला नाही, हे पण सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही, असो.

मागणी फार नाही. गच्चीची एक चावी वॉचमनकडे ठेवा. ७०३ ला लेखी समज द्या आणि वायरीचे पैसे त्यांच्या बिलात लावा. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बोलण्याची म्हणजे मोर्सशिवायची स्पर्धा आहे, त्या दोन रात्री त्यांनी ती पट्टी बंद ठेवावी. नाहीतर कोअर माझ्याकडे अजून पडून आहेत, मी येऊन लावून देतो, चहा पण नको.

आपला,
३०४, ए विंग

ता.क. पताका अजून काढलेल्या नाहीत. माझी वायर असली तरी त्यावर तिरंगा आहे म्हणून मी हात लावत नाहीये. कमिटीने काढाव्यात, आणि कृपया पक्कड न वापरता.