एक्सजेएस घे, पण यारिस विकू नकोस

प्रिय मनू,

फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि करायचं तेच करतेस, म्हणून हे लिहून पाठवतोय. फोटो पाहिले. १९९२ ची जॅग्वार एक्सजेएस, चार लिटरची, ऑटोमॅटिक, बाहेरून गडद हिरवी, आत बिस्किटी रंगाचं लेदर. तुझ्या आईने एक नजर टाकली, "दोनच दारं?" म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी मात्र फोटो मोठे करकरून चाकांवरच्या कमानी बघत बसलो.

घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. कॉव्हेंट्रीच्या गॅरेजात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यातली बरीचशी याच गाड्यांच्या खाली. "जुनी जॅग्वार? बापरे!" म्हणून हात झटकणाऱ्यांतला मी नाही. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली तेव्हा गॅरेजातले गोरे मला आठवडाभर "बॉस" म्हणत होते, जणू चेक मीच फाडला होता. तेव्हा जिव्हाळा आहेच. माझी हरकत एवढीच की तुझी छोटी टोयोटा यारिस विकून, त्या पैशात भर घालून, ही गाडी रोज हॉस्पिटलला न्यायची असा तुझा बेत आहे. तो बेत बदल.

तुझ्या घरापासून हॉस्पिटल चार मैल. चार मैलांत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा वर येतो आणि आपल्याला वाटतं इंजिन तापलं. ऑईल तेव्हा कुठे कोमट होत असतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, ते सायलेन्सरमध्ये साचतं, आणि वाफ होऊन बाहेर पडायच्या आत तू पार्किंगमध्ये पोचलेली असतेस. संध्याकाळी परत तेच. हिवाळाभर असं चाललं की सायलेन्सर आतून कुजतो, ऑईलच्या झाकणाखाली पांढरी साय धरते आणि स्टार्टरने ओढलेला करंट बॅटरीत पुरता परत जात नाही. यारिसलाही हे आवडत नाही, पण तिचं इंजिन छोटं, लवकर तापतं, आणि तिचा सायलेन्सर कोणीही, कुठेही बदलून देतो.

एक्सजेएस बांधली होती उलट्या कामासाठी. सकाळी इंग्लंडातून निघायचं, दोन माणसं, दोन बॅगा, आणि रात्रीचं जेवण फ्रान्सच्या दक्षिणेला. १९७५ मध्ये ती आली तेव्हा लोक जॅग्वारच्याच जुन्या स्पोर्ट्स गाडीची, ई-टाइपची, बहीण बघायला गेले होते आणि ही जाड खांद्यांची, आरामशीर गाडी पाहून हिरमुसले. आकार बराचसा माल्कम सेयर या डिझायनरच्या हातचा, ई-टाइपवाल्याच्याच, पण तो १९७० मध्येच वारला होता. गाडी रस्त्यावर आलेली त्याने पाहिली नाही. नाकं मुरडली गेली तरी ती १९९६ पर्यंत बनत राहिली, एक लाख पंधरा हजारांच्या वर. म्हणूनच आज सुटे भाग मिळतात. तुझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याकडे जी इटालियन गाडी आहे ना, तिच्या एका काचेच्या रबरासाठी तो किती महिने थांबला ते विचार त्याला.

तू सहा सिलिंडरची निवडलीस हे फार बरं केलंस. तुला मुद्दाम सांगतो, कारण विकणारा तुला शेजारची व्ही-१२ दाखवेल आणि किंमत जवळपास तीच सांगेल. भुलू नकोस. ते बारा सिलिंडरचं इंजिन म्हणजे खरंच सुंदर काम आहे. मायकल मे या स्विस इंजिनिअरच्या डिझाइनचे हेड १९८१ मध्ये त्यावर बसवले, तेव्हा त्याचं पेट्रोल पिणं थोडं आटोक्यात आलं. पण बारा प्लग. त्यातले पुढचे एसीच्या कॉम्प्रेसरखाली असे दडलेले की बोटांची सालं निघतात. सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत पेट्रोलचे रबरी पाइप. खालून उष्णता, वरून बॉनेट. ते पाइप कडक होऊन तडकले की आग, आणि त्या आगीने बऱ्याच गाड्या गेल्या आहेत. १९८९ नंतरच्या व्ही-१२ मध्ये मारेली कंपनीची इग्निशन आहे. तिच्यात बिघाड झाला तर एका बाजूचे सहाच्या सहा सिलिंडर बंद पडतात आणि गाडी उरलेल्या सहांवर चालतच राहते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट तापून लाल होतो. चालवणाऱ्याला वाटतं, आज जरा ओढत नाहीये. माहीतगार माणसाने सांभाळलेली व्ही-१२ वर्षानुवर्षं चालते, हे मान्य. पण तू रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारी बाई आहेस, तुला अशी गाडी कशाला?

तुझ्या चार लिटरवाल्याला हा त्रास नाही. सरळ एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, आजूबाजूला हात घालायला जागा. टायमिंगला साखळी आहे, त्यामुळे ठरावीक मैलांना बेल्ट बदलायची कटकट नाही. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा चार गिअरचा, वेळच्या वेळी ऑईल बदललं तर दणकट. पेट्रोल गॅलनला वीस मैल धर, म्हणजे लिटरला सात किलोमीटर. हा आकडा पुण्याच्या मामाला सांगू नकोस, तो मला फोन करेल. पंपावर ई५ लिहिलेलं सुपरच घाल. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालंय, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते जुन्या रबराला खातं आणि गाडी उभी राहिली की हवेतली ओल ओढून घेतं.

एकच गोष्ट तुझ्या गाडीत मला खटकते. १९९३ पर्यंत मागचे ब्रेक चाकांत नव्हते, आत, दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीला, डिफरन्शियलला, चिकटून होते. तुझी १९९२ ची, म्हणजे तशीच. चालवताना काही वाईट नाही, पण डिस्क किंवा हँडब्रेकचं काम निघालं की मजुरी ऐकून डोळे पांढरे होतात. १९९३ नंतरची मिळाली तर बघ. नाही मिळाली तर या कामाचे पैसे भावातून कापून घे. आणि हो, हँडब्रेक तुझ्या उजव्या हाताला आहे, सीट आणि दार यांच्या मधे. ओढला की लिव्हर परत खाली पडतो, म्हणजे उतरताना पायात येत नाही. पहिल्यांदा तुला वाटेल तुटला. तुटलेला नसतो.

आता शहराचं. बर्मिंगहॅममध्ये जून २०२१ पासून क्लीन एअर झोन आहे, रिंग रोडच्या आत, आणि तुझं हॉस्पिटल त्याच्या आत आहे. युरो ४ या धुराच्या मापदंडाच्या खालच्या पेट्रोल गाडीला दिवसाला आठ पौंड. महिन्यात वीस पाळ्या म्हणजे एकशे साठ पौंड नुसते आत शिरायचे. गाडी चाळीस वर्षांची होऊन हिस्टॉरिक वर्गात नोंदली गेली की हे माफ होतं, रोड टॅक्सही माफ होतो आणि एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्तीही जाते. पण तुझ्या गाडीला ते २०३२ च्या आधी नाही. (सक्ती गेली तरी एमओटी कर. खाली शिरून बघणारी तिऱ्हाईत नजर वर्षातून एकदा लागतेच.)

पार्किंगचंही बघ. इथला नेहमीचा पार्किंगचा चौकोन ४.८ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. गाडी पावणेपाच मीटरच्या पुढे आहे, आणि दोनच दारं असल्यामुळे दार लांबलचक. शेजारी कोणी एसयूव्ही लावली की तू दार अर्धं उघडून, पोट आत घेऊन बाहेर पडणार. मागे वळून पाहिलंस तर काचेच्या दोन्ही बाजूंना ते उतरते पंख दिसतात, त्यांच्याआड अख्खी मोटरसायकल लपते. मागच्या सीटवर आईला बसवायचा प्रयत्न करू नकोस. ती सीट पर्स आणि कोट ठेवायला आहे. डिकी मात्र बरी आहे. स्टेपनी आत उभी असते, तरी दोन मोठ्या बॅगा आडव्या राहतात आणि आठवड्याचा किराणा सहज मावतो.

हे सगळं वाचून तू म्हणशील, मग काय नुसती झाकून ठेवू? तेही नाही. जास्त गाड्या त्यानेच मरतात. पुण्यात मी अँबॅसडरवर शिकलो, म्हणजे इंग्लंडातल्या काउलीच्या मॉरिस ऑक्सफर्डवरच, गाडी मुळात तीच. आमच्याकडे टॅक्सीवाल्यांच्या अँबॅसडर यायच्या, दिवसरात्र पळणाऱ्या, चेपलेल्या, सीट फाटलेल्या, आणि चावी फिरवली की सुरू. आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वकिलांची एक होती, चादरीखाली, फक्त लग्नकार्याला बाहेर काढायची. तिचं दर वेळी काहीतरी. ब्रेकचं सिलिंडर अडकलेलं, पेट्रोल आंबलेलं, रबरं वाळलेली. या गाडीचंही तसंच आहे. तिला रोज नको, पण आठवड्याला हवं. रविवारी निदान पन्नास-साठ मैल, एम४० ने खाली ऑक्सफर्डपर्यंत जाऊन ये, किंवा इकडे आमच्याकडे ये. ऑईल पुरतं तापलं पाहिजे, गिअरबॉक्सने सगळे गिअर पाहिले पाहिजेत, एसी दोन मिनिटं का होईना चालला पाहिजे, जानेवारीतसुद्धा.

फक्त मीठ पडलेल्या रस्त्यावर नको. चेशायरच्या खाणीतलं ते तपकिरी मीठ काउन्सिलवाले टाकतात ना, इंजिनापेक्षा या गाडीचा मोठा शत्रू ते. थंडीत एक चांगला पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की मग काढायची. मागच्या चाकांना धरणारे रेडियस आर्म जिथे बॉडीला जोडलेत ती जागा, सिलची, म्हणजे दाराखालच्या पट्टीची, टोकं, पुढच्या काचेचा खालचा कोपरा, मागचे ते पंख, हेडलाइटभोवतीचा पत्रा, इथे गंज लागतो. इंजिनाचं काम किती होईल ते सांगता येतं. पत्र्याचं काम सुरू केलं की वेल्डर दर दिवशी नवीन भोक दाखवतो. शरद ऋतूत खालून मेण मारून घ्यायचं, ते मी करीन.

इन्शुरन्स क्लासिकचा घे, ठरलेल्या किमतीचा, म्हणजे अपघात झाला तर कंपनी ही तीस वर्षांची जुनी गाडी म्हणून चिल्लर हातावर ठेवणार नाही. ती पॉलिसी स्वस्त पडते, पण बहुतेकांच्या अटी असतात: वर्षाला मैलांची मर्यादा, रात्री आत उभी करायची जागा, आणि घरात दुसरी रोजची गाडी. कामावर ये-जा करायची असेल तर वेगळं सांगावं लागतं आणि हप्ता वाढतो. म्हणजे यारिस विकलीस तर ही पॉलिसीच हातची जाईल. बघ, मी एकटाच म्हणत नाहीये.

गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा बाजूला ठेव, पहिल्या वर्षासाठी. लागणार नाही असं होत नाही. कूलंटचे सगळे पाइप, थर्मोस्टॅट, ब्रेकचं ऑईल, टायर. टायर दिसायला नवे दिसतील, कारण गाडी पळालेली नाही. कडेला शेवटचे चार आकडे वाच. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे ते टायर गेले. छताचं कापड लोंबत असेल तर घाबरू नकोस, या गाड्यांत ते लोंबतंच, पण भाव करताना त्याच्याकडे बघून उसासा टाक.

यारिस विकायची नाही म्हटल्यावर पैसे कमी पडतील, हे मला कळतं. म्हणून घाई नको. ही गेली तर दुसरी येईल. कॉव्हेंट्रीच्या आसपास तर नक्की येते. नंबर टाकून सरकारी साइटवर एमओटीचा इतिहास आजच बघ, फुकट आहे. जुन्या तपासण्यांमध्ये "गंज, लक्ष ठेवा" असं कुठल्या जागेबद्दल लिहिलंय आणि पुढच्या वर्षी ते नाहीसं झालं का, ते बघ. नाहीसं झालं असेल तर वेल्डिंगचं बिल मागायचं. बिल नसेल तर तिथे गंजावर अंडरसीलचा काळा लेप फासलाय असं समज.

शनिवारी मी दहाच्या ट्रेनने न्यू स्ट्रीट स्टेशनला येतो. टॉर्च, चुंबक आणि जुनी सतरंजी आणतोय. विकणाऱ्याला फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, गार हवं. आपण पोचलो आणि बॉनेट गरम लागलं, तर तिथूनच परत फिरायचं आणि जेवायला जायचं. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली आहे, तीही आणतो.

तुझा,
बाबा