शरणपूरच्या मावशींचे आभार

ऑगस्टमध्ये आईच्या ऑपरेशनसाठी नाशिकच्या एका दवाखान्यात आम्ही ९ रात्री होतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासोबत शरणपूर भागातल्या एक मावशी होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे जाहीर आभार.

बाबा गेल्यापासून माझी प्रार्थना सुटली होती. रविवारी उपासनेला जायचे ते सवयीने. ख्रिस्ताचं नाव घेऊनही आत काही हलत नव्हतं. मावशींनी उपदेश केला नाही. दुसऱ्या रात्री स्वतःची शाल आईच्या पायांवर घातली आणि म्हणाल्या, “चष्मा फुटलाय गं, जरा वाचून दाखव.” बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाचा २ रा अध्याय. इफिस शहरातली मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समाज; ती राबते, सोसते, पण तिने पहिली प्रीती सोडली आहे. माझा आवाज अडकला. त्यांनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, “पुढचं वाच. प्रेम वाटेल तेव्हा बघू, असं तिथं लिहिलेलं नाही. आठव, माघारी फिर, पहिली कामं कर. तू आधी काय करायचीस?”

“पहाटे भजन म्हणायचे.”

त्यानंतर रोज ५ वाजता त्यांनी मला हलकेच उठवलं. जिन्यात बसून माझ्यासोबत हळू आवाजात गायल्या. शेवटच्या पहाटे मीच त्यांच्याआधी जागी झाले.

मावशी, तुमची शाल आमच्याकडेच राहिली आहे. धुऊन ठेवलीय.