कारकुनाचा फील्ड मार्शल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. ‘माँटगोमेरी असताना त्या स्लिममध्ये एवढं काय आहे?’ असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

विल्यम स्लिम म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेला ब्रिटिश सेनापती. जन्म 1891 चा, बर्मिंगहॅममध्ये वाढलेला. घरची परिस्थिती बेताची, तेव्हा सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीचं नावच नको. आधी शाळामास्तर, मग धातूच्या नळ्यांच्या कंपनीत कारकून. 1914 चं युद्ध पेटलं नसतं तर बहुधा खर्डेघाशीतच जन्म गेला असता. तुर्कस्तानात गॅलिपोलीला जखमी झाला, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पुन्हा. नंतर भारतीय सैन्यात, गुरखा पलटणीत आला. घरखर्चाला हातभार म्हणून टोपणनावानं गोष्टीही लिहायचा!

1942 मध्ये ब्रह्मदेशात त्याच्या वाट्याला आली ती जपान्यांपुढची माघार. फाटक्या कपड्यांतली, तापानं फणफणलेली माणसं ऐन पावसाच्या तोंडावर त्यानं इंफाळकडे बाहेर काढली. पुढच्या वर्षी चौदावं सैन्य हाती आलं आणि इथेच तो मला आवडतो. विमानातून रसद टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तर यांनी कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची करून घेतली. मलेरियाच्या गोळ्या शिपाई खातात की नाही, याची अचानक तपासणी व्हायची. त्यात कमी पडलेल्या तीन कमांडिंग ऑफिसरना त्यानं घरी बसवलं. चौथ्याची वेळच आली नाही.

1944 च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला आपल्या मराठा पलटणीनं जपान्यांना रोखून धरलं, तेही याच सैन्यातले. जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेतले आपलेच लोक होते, हे वाचताना मात्र घास अडकतो.

1945 मध्ये खोटे वायरलेस संदेश सोडून जपान्यांची नजर उत्तरेला खिळवली आणि मागून मध्य ब्रह्मदेशातलं मेक्तिला शहर घेतलं. रंगून पडल्यावर वरिष्ठ लीसनं त्यालाच हलवायचा घाट घातला. बोभाटा झाला आणि पद गेलं ते लीसचं!

1948 मध्ये ब्रिटनच्या सरसेनाप्रमुखपदी स्लिम आला. भारतीय सैन्यातून त्या खुर्चीवर गेलेला पहिलाच. मावळता सरसेनाप्रमुख माँटगोमेरी, त्याला आपल्या जागी जनरल क्रॉकर हवा होता. ‘मी त्याला सांगूनही टाकलंय,’ असं तो म्हणाला, तर पंतप्रधान अ‍ॅटलींनी ‘मग नाही म्हणून सांगा’ असं सुनावलं म्हणतात. पुढे स्लिम ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरलही झाला, पण त्या भागात मला फारसा रस नाही.

तुझा माँटगोमेरीबद्दलचा युक्तिवाद सविस्तर लिही, मग भांडू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू