डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: स्ट्रोकच्या प्रत्येक रुग्णाच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी घरी सोडण्यापूर्वी व्हावी आणि तिचा निष्कर्ष डिस्चार्ज कार्डावर लिहिला जावा, याबाबत.

माननीय महोदय,

मागणी वर विषयात आलीच आहे. दृष्टिक्षेत्र म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूला जेवढं दिसतं तेवढा भाग. ती का करते आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी भांडुपला राहते आणि दादरच्या एका खाजगी कार्यालयात हिशेब सांभाळते. पन्नाशी उलटल्यावर मला स्ट्रोक झाला. मेंदूच्या उजव्या भागात, अगदी मागच्या बाजूला, गुठळी अडकली. हातपाय शाबूत राहिले, तोंड वाकडं झालं नाही, बोलणंही स्वच्छ. ‘थोडक्यात निभावलं’ असं जो तो म्हणाला. घरी सोडताना रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, बीपीची दिली, मीठ कमी करा म्हणाले आणि रोज चालायला जा म्हणाले. पण डावीकडचं मला काही दिसत नाही, हे कोणी सांगितलं नाही. कार्डावरही त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

ज्याला दिसत नाही त्याला स्वतःला कळायला नको का, असं आपल्याला वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. पण तिथे अंधार नसतो, डाग नसतो, धूसर पडदाही नसतो. आपल्या डोक्याच्या मागे काय दिसतं, असं विचारलं तर आपण काळोख दिसतो म्हणणार नाही, काहीच दिसत नाही म्हणाल. माझी डावी बाजू तशी आहे. डोळे निरोगी आहेत. त्यांनी पाठवलेलं डावीकडचं चित्र मेंदूच्या उजव्या बाजूच्या ज्या भागात उमटतं, तो भाग गेला आहे. म्हणून एक डोळा नाही, तर दोन्ही डोळ्यांचं डावं अर्धं गेलं. याला हेमियानोपिया म्हणतात. चष्म्याचा नंबर बदलून, थेंब घालून यात फरक पडत नाही. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि तक्ता वाचला की ‘नजर उत्तम’ असा शेरा मिळतो.

हे उघडकीस आलं ते आमच्या स्वयंपाकघरात. बहिणीची मुलगी ऑक्युपेशनल थेरपी शिकते, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याची उपचारपद्धती. ती भेटायला आली होती. मी डावीकडची वाटी दोनदा सांडली, तेव्हा ती स्टूल ओढून समोर बसली. ‘मावशी, एक डोळा झाक आणि माझ्या नाकाकडे बघ.’ मग विचारलं, माझे किती हात हलताहेत? मी म्हटलं, एक. तिने दोन्ही हात वर केले होते, दोन्ही हातांची बोटं हलवत होती. दुसरा डोळा झाकूनही उत्तर तेच. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. यंत्र लागलं नाही, पैसे लागले नाहीत. नंतर फील्ड टेस्ट झाली, म्हणजे दृष्टिक्षेत्राची यंत्रावरची तपासणी. त्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण दाबलं नाही, तेव्हा पलीकडून आवाज आला, ‘झोपू नका, बटण दाबा.’ मी झोपले नव्हते. ठिपके डावीकडे होते. छापून आलेल्या दोन्ही कागदांवर डावं अर्धं काळं होतं.

मंत्री महोदय, हे सगळं घेऊन मुंबईत चालणं काय असतं, हे कृपया समजून घ्या. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे लालबहादूर शास्त्री मार्गावर फुटपाथवरून उतरले की पहिल्या गाड्या उजवीकडून येतात. त्या मला दिसतात. दुभाजक ओलांडला की उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर त्या डावीकडून येतात, आणि तो अर्धा रस्ता माझ्यासाठी रिकामाच असतो. मान पूर्ण खांद्यापर्यंत वळवावी, थांबावं, पुन्हा वळवावी, तेव्हा कुठे बस दिसते. उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले तर कुठल्याही बाजूने येतात. फुटपाथवर दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू नेमका डोक्याच्या उंचीवर असतो, लावलेल्या स्कूटरचा आरसा कोपराला लागतो. माझ्या डाव्या दंडावर एक ना एक काळानिळा डाग कायम असतो.

दादरच्या पुलावर मी डावा हात कठड्याला लावून चालते, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने कोणी येऊच शकत नाही. लोकलमध्ये डब्याच्या डाव्या भिंतीला टेकते. लग्नकार्यात हॉलच्या डाव्या टोकाची खुर्ची धरते, सगळी मंडळी उजवीकडे येतात. मिस्टर बाहेर नेहमी माझ्या डावीकडून चालतात. एवढं सांभाळूनही एकदा लेडीज डब्यात दारापाशी खाली बसलेल्या बाईच्या टोपलीला माझा पाय लागला. ‘डोळे फुटलेत का?’ ती ओरडली. तिचा माल होता, तिला राग येणारच. मला तिला एका वाक्यात सांगता आलं नाही की डोळे ठीक आहेत आणि तरी तू मला दिसली नाहीस. पांढरी काठी घ्यावी, तर काठीवाली बाई मोबाईल वाचते आहे हे बघून लोक खोटारडी म्हणतील.

वाचनाचंही असंच आहे. माझ्या नजरेचा अगदी मधला भाग शाबूत राहिला आहे. त्यामुळे वर्तमानपत्राचा अरुंद कॉलम जमतो. पुस्तकाचं रुंद पान किंवा कार्यालयातलं आडवं रजिस्टर जमत नाही. ओळ संपली की डोळा मागे येतो, पण सुरुवातीपर्यंत पोचतच नाही. मधल्याच कुठल्यातरी शब्दावर थांबतो आणि तीच सुरुवात वाटते. आता मी डाव्या समासावर लाल पट्टी ठेवते. लाल दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, मग वाचायचं. हे मला ऑक्युपेशनल थेरपिस्टने शिकवलं. खोलीत शिरलं की आधी डावीकडे बघायचं, तेही तिनेच घटवून घेतलं. गेलेली बाजू परत येईल असं ती एकदाही म्हणाली नाही. आपोआप जे भरून यायचं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतं, पुढे फार थोडं. मात्र नजर मुद्दाम त्या बाजूला नेण्याची सवय लावता येते आणि तिच्यावर माणूस पुन्हा कामाला लागू शकतो. मी लागले आहे. म्हणूनच या दोषाचं निदान पहिल्या आठवड्यात झालं पाहिजे असं मी म्हणते.

आणखी एक सांगते, कारण हे बोलायला माणसं घाबरतात. सुरुवातीला मला त्या रिकाम्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांची नक्षी सरकताना दिसायची, एकदा तर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. त्यांनी ती मायेपोटीच काढली. मला मात्र वेड लागतंय की काय, या भीतीने झोप येईना. दृष्टीचा भाग गेला की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं तयार करतो, बहुतेकांमध्ये ती हळूहळू कमी होतात, हे नंतर कळलं. रुग्णालयातून निघताना कोणी एवढं सांगितलं असतं, तर त्या रात्री अशा गेल्या नसत्या.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. स्ट्रोकनंतर दृष्टिक्षेत्र जाणं दुर्मीळ नाही, आणि ज्याला ते माहीतच नाही तो उद्या स्कूटरला किक मारून रस्त्यावर येईल. वाहन परवान्याच्या अर्जात विचारतात, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? मला येते. त्या नंबरप्लेटच्या डावीकडून रस्त्यात उतरलेलं मूल मला दिसणार नाही. मी गाडी चालवत नाही, पण माझ्यासारखे चालवणारे आहेत आणि त्यांना अडवणारी एक ओळही त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर नसते.

स्ट्रोकच्या जनजागृतीतही डोळा मागे पडला आहे. चेहरा, हात आणि बोलणं ही तीन लक्षणं लोकांना पाठ झाली, ते चांगलंच झालं. पण अचानक अर्धं दिसेनासं झालं तर माणूस चष्म्याच्या दुकानात जातो, आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी मिळणारे साडेचार तास तिथेच संपतात. आपल्या खात्याच्या फलकांवर डोळ्यांचं लक्षणही यावं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही लिहायला हवं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टीच्या व्याख्येत दृष्टिक्षेत्राचा विचार आहे, पण तो कोनाच्या मापाने, ४० अंशांपेक्षा कमी असा. अपंगत्वाची टक्केवारी ठरवण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या तक्त्यात हेमियानोपियाचं नाव आहे, तेही मधला भाग गेला असेल तर. ज्याचा मधला भाग शाबूत राहिला, तो ४० टक्के अपंगत्वाच्या उंबरठ्याबाहेर राहतो, मग त्याने रोज कितीही धडका खाल्ल्या तरी. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही, असं संरक्षण याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. पण प्रमाणपत्रच नसेल तर ते मागायचं कशाच्या आधारावर? कायदा केंद्राचा आहे हे मला समजतं. तरी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आपल्या राज्याने २०२२ मध्ये केला. त्या विभागामार्फत ही त्रुटी दिल्लीला कळवता येईल.

डिस्चार्ज कार्डावरच्या ओळीसाठी मात्र दिल्लीची गरज नाही. मुंबईतली मोठी रुग्णालयं काही महापालिकेची, काही वैद्यकीय शिक्षण खात्याची. सगळी थेट आपल्या हाताखाली नाहीत. पण केईएम, सायन आणि नायर या तिन्ही ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, म्हणजे हे काम जाणणारी माणसं याच शहरात आहेत. जिल्हा रुग्णालयं आपली आहेत. तिथे आपण परिपत्रक काढा, आणि महापालिका व वैद्यकीय शिक्षण खात्याशी बोलून तेच इथे लागू करून घ्या. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने किंवा परिचारिकेने खाटेपाशी बसून बोटं हलवावीत, काय दिसलं ते लिहावं, दोष आढळला तर फील्ड टेस्ट आणि थेरपीच्या विभागाची चिठ्ठी द्यावी, आणि गाडी चालवू नका हे रुग्णाला व घरच्यांना मराठीत सांगावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या थेरपीच्या फेऱ्यांचाही खर्च धरता आला, तर कामाचा दिवस बुडवून येणाऱ्या माणसाला त्या पूर्ण करता येतील.

परिपत्रकाचा मसुदा करताना रुग्णाचं म्हणणं हवं असेल, तर मी मंत्रालयात यायला तयार आहे. सोबत माझ्या फील्ड टेस्टच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली,
भांडुपची एक रहिवासी

प्रत माहितीसाठी: दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका