ताई, झोपवू कुठे तुम्हाला?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी कोपरखैरण्याची, वय ४६. आई, मावशी, आजी, कुणालाच स्तनाचा कॅन्सर नव्हता, मलाही कधी गाठ आली नाही. म्हणजे जोखीम चारचौघींइतकीच. तरी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कधी करायची याची वर्षभरात तीन उत्तरं मिळाली. एक डॉक्टर म्हणाल्या, चाळिशीनंतर दरवर्षी. दुसऱ्या म्हणाल्या, दोन वर्षांनी. तिसरे म्हणाले, त्रास नाही ना, मग कशाला?

पहिल्या दोघींना दोष देत नाही. अमेरिकेतही एकमत नाही. तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयासाठी दोन वर्षांतून एकदा म्हटलं, अमेरिकन कॅन्सर सोसायटी ४५ ते ५४ या वयात दरवर्षी सांगते. आपल्या केंद्राच्या २०१६ च्या सूचनांत भर आहे तो हाताने करायच्या तपासणीवर: वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी, प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून. हे मी स्वतः शोधून वाचलं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

ही तपासणी किरकोळ नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याआतल्या वयात तसा फरक दिसला नाही, हेही खरं. पण तिथे तपासणी दोन वर्षांनी व्हायची, आपली पाच वर्षांनी. तीही झाली तर.

आमच्या आरोग्य केंद्रात टेबल व्हरांड्यात, मागे पुरुषांची रांग. सिस्टरने बीपी घेतलं, शुगर बघितली आणि फॉर्मवरची मान वर न करता विचारलं, "छातीत गाठबीठ?" मी नाही म्हटलं. टिक. माझ्यामागच्या मावशींनी पदर ओढत "नाही, नाही" म्हटलं. त्यांनाही टिक. हाताने बघत नाही का, असं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, झोपवू कुठे तुम्हाला?" आत एकच खोली, तिच्यात लसींचा फ्रीज आणि छतापर्यंत खोकी.

साहेब, आधी एक कॉट, एक पडदा आणि आठवड्यातली एक दुपार द्या. टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे, सिस्टरना तिथे शिकायला पाठवा. मॅमोग्राफीबद्दल राज्याचं जे काही म्हणणं असेल ते, त्यात नसती शंका आली तर होणाऱ्या बायोप्सीसकट (तुकडा काढून तपासणं), मराठीत केंद्राच्या भिंतीवर लिहा. आणि फॉर्मवर 'विचारलं' आणि 'तपासलं' असे दोन वेगळे रकाने करा.

आपली,
कोपरखैरण्याची एक रहिवासी