रक्त घ्यायला येणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. घणसोलीत सकाळी घरोघरी रक्त घ्यायला जाता, वाचलंत की ओळखालच.

तुम्ही आला होतात सासऱ्यांच्या उपाशीपोटीच्या शुगरसाठी. मी डबे भरत होते, तोंडात कच्चे तांदूळ. पुढच्या घरून तुम्हाला फोनवर फोन येत होते. तरी खांद्याला लावलेली बॅग खाली ठेवलीत आणि विचारलंत, "वहिनी, तांदूळ रोज खाता? बर्फ खावासा वाटतो?" मग मला खिडकीशी नेऊन डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढलीत. आतून लालसर दिसायला हवं, तिथे पांढुरकं होतं. माझ्या तळहाताशेजारी तुम्ही तुमचा तळहात धरलात. फरक मलाच दिसला.

"निदान करणं माझं काम नाही, पण सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करा आणि बायकांच्या डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणालात.

हिमोग्लोबिन ६.८ निघालं. बायकांचं १२च्या खाली गेलं की कमी धरतात! गर्भाशयात गाठ होती, पाळीत फार रक्त जात होतं, अंगातलं लोह संपत आलं होतं. तांदळाची ओढही त्यातूनच.

त्याआधी कितीतरी महिने स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची, छाती धडधडायची. ओठांचे कोपरे चिरलेले, नखं मधे खोलगट झालेली. एका डॉक्टरांनी मान वर न करता टॉनिक लिहिलं, दुसऱ्यांनी वजन उतरवायला सांगितलं. पाळीत किती जातं, हे दोघांनीही विचारलं नाही. नातेवाइकांनी तर 'हिला काम झेपत नाही' असं ठरवूनच टाकलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. मग दमलेली बाई समोर बसली असताना तिची पापणी बघायला असा किती वेळ लागतो?

तुमच्या त्या चौकशीचे तुम्हाला कुणी पैसे देणार नव्हतं, उलट पुढच्या घरी बोलणीच बसली असतील. तरी थांबलात. असं थांबणारं माणूस भेटायला नशीब लागतं, ताई.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहापासून लांब ठेवून लिंबूपाण्याबरोबर घेते. तांदळाची ओढ तर केव्हाच गेली. परवा नणंद माती खावीशी वाटते म्हणाली, तेव्हा तिची पापणी मी ओढून पाहिली आणि तिलाही तपासणीला पाठवलं. तिचं ८.९ आलं. उपचार सुरू झालेत.

तुमची,
वहिनी