सोनोग्राफीचं मशीन बाळाच्या खाटेपर्यंत येऊ द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत. लहान बाळाची शीर सापडेनाशी झाली की रात्री-अपरात्री फोन आम्हालाच येतो.

अशाच एका रात्री जुलाबांनी सुकून गेलेलं पाच महिन्यांचं बाळ आलं. टाळू खोल गेलेली, हातपाय गार. सिस्टरांनी हात, पाय, डोक्यावरच्या शिरा, सगळं करून पाहिलं होतं. नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन सुरू केलं, पण ती सोय तात्पुरती. रक्तदाबाची औषधं चालू ठेवायला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, हवीच होती. या वयात मानेतली मोठी शीर जेमतेम काही मिलिमीटरची, अंगातलं पाणी गेलं की आणखी चपटी होते. तिला खेटूनच मेंदूला रक्त नेणारी धमनी. बोटाने धमनी चाचपायची आणि तिच्या बाहेरच्या अंगाला अंदाजाने सुई घालायची, असं आम्ही शिकलो. दोनदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळलं. धमनीच टोचली गेली होती. दहा मिनिटं मी ती जागा दाबून उभा होतो. शेवटी जांघेतून लाइन मिळाली, बाळ वाचलं. सकाळी आईने विचारलं, "डॉक्टर, मानेला एवढी सूज कशानं आली?"

सोनोग्राफीचं मशीन दोन मजले खाली होतं, कुलपात.

त्या मशीनवर शीर आणि धमनी काळ्या गोलांसारखी शेजारी-शेजारी दिसतात. प्रोबने, म्हणजे अंगावर टेकवायच्या मशीनच्या भागाने, हलकं दाबलं की शीर मिटते, धमनी ठोके देत राहते. सुईचं टोक शिरेत शिरताना दिसतं, सुईतून सरकवलेली वायर शिरेतच आहे हे पाहून मग पुढचं करता येतं. कॉलरच्या हाडामागची मोठी शीर तर आजूबाजूच्या ऊतींनी ताणून धरलेली असते, त्यामुळे सुकलेल्या बाळातही ती सहसा मिटत नाही. बोटांना ती लागत नाही, पडद्यावर मात्र स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने मानेतल्या लाइनसाठी, मोठ्यांइतकीच मुलांसाठीही, सोनोग्राफीची शिफारस २००२ सालीच केली.

मग मशीन वर का आणलं नाही? कारण पीसीपीएनडीटीची, म्हणजे सोनोग्राफीने गर्भाचं लिंग पाहण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याची, भीती. "तपासणी आली तर सील होईल, नोंदणी त्या खोलीची आहे," हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. खरं तर नोंदणी झालेल्या जागेच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी पोर्टेबल मशीन वापरायला नियमांत मुभा आहे. पण तसं स्पष्ट लिहिलेला कागद हातात नसला की कोणी जोखीम घेत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

कायदा सैल करा, असं मी मुळीच म्हणत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, आणि २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. पहारा हवाच. मशीन कधी वर गेलं, कोणत्या बाळासाठी, कोणी वापरलं, याचं रजिस्टर ठेवा, आम्ही प्रत्येक वेळी सही करू.

माझी मागणी एवढीच की बालरोग अतिदक्षता विभागात आणि एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) शीर शोधण्यासाठी मशीन वापरता येईल आणि ते भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ वापरू शकतील, असं स्वच्छ शब्दांत सांगणारं परिपत्रक काढा. त्यासोबत लहान बाळांसाठीचा छोटा लिनिअर, म्हणजे सरळ, प्रोब द्या. गर्भतपासणीसाठी वापरतात तो पोटाचा वक्र प्रोब वेगळा, तो आम्हाला नको. आणि प्रशिक्षण. सुईचं टोक पडद्यावरून न हरवता पुढे नेणं हे हाताचं काम आहे, ते आधी जिलेटिनच्या ठोकळ्यावर गिरवावं लागतं. त्याशिवाय नुसतं मशीन आलं तर ते पुन्हा कुलपातच जाईल.

परिपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे निघावं. पीसीपीएनडीटीची जिल्ह्यातली जबाबदारी त्यांच्याकडे आहे आणि त्या कुलपाची किल्लीही.

आपला,
जिल्ह्यातला एक भूलतज्ज्ञ